लहर आणि नेम

एखाद्या मनुष्याच्या वागण्याचा निवाडा करताना मराठी बोलीत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘तो मनाने वाईट नाही, फक्त लहरी आहे.’ बोलणाराचा हेतू दोष सांगण्यापेक्षा तो झाकण्याकडे अधिक असतो. क्रोधी म्हटले, लोभी म्हटले, असत्यवादी म्हटले, तर तो आरोप ठरतो आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. लहरी म्हटले की आरोपाची धार बोथट होते. ऐकणाराही मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो. सकाळी दिलेला शब्द सायंकाळी मोडणे, काल ज्याला जवळ घेतले त्याला आज दूर लोटणे, स्वतःच मांडलेले कार्य स्वतःच उधळून देणे, ही सर्व कृत्ये त्या एका शब्दाच्या पांघरुणाखाली निवांत झोपी जातात.

म्हणून जिज्ञासूंनी या शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. लहरीपणा हा दोष आहे की केवळ स्वभाव? आणि तो स्वभाव असेल, तर त्या स्वभावाने घडलेल्या कृत्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

शब्दाचे रूप

संस्कृत भाषेत ‘लहरी’ म्हणजे लाट. जगन्नाथ पंडिताच्या ‘गंगालहरी’ या स्तोत्राच्या नावात हाच अर्थ आहे. मराठीत ‘लहर’ हे एकवचन आणि ‘लहरी’ हे त्याचे अनेकवचन. आणि त्याच रूपाचे ‘लहरी’ हे विशेषणही आहे. लोभ ज्याच्या ठायी तो लोभी, तसा लहर ज्याच्या ठायी तो लहरी.

याच्या शेजारी बसणारे दुसरे शब्द पाहिले म्हणजे याचे वेगळेपण कळते. ‘चंचल’ हा शब्द केवळ गती दाखवितो. जे एका जागी ठरत नाही ते चंचल, मग ते मन असो, मासोळी असो वा लक्ष्मी असो. ‘छांदिष्ट’ मनुष्यास निदान एक छंद असतो आणि त्या छंदाशी तो एकनिष्ठ राहू शकतो. ‘मनस्वी’ हा शब्द संस्कृतात थोर मनाच्या पुरुषास लागतो. मराठीत तो मनास येईल तसे वागणारालाही लागला. ‘धरसोड’ हा शब्द तर दोन क्रियापदांचाच बनलेला आहे. तेथे कोणीतरी धरतो आणि कोणीतरी सोडतो, म्हणजे कर्ता उघड दिसतो.

‘लहर’ या शब्दापाशी मात्र कर्ता दिसेनासा होतो. ‘त्याला लहर आली’ या वाक्यात लहर ही कर्ता आहे. मनुष्य चतुर्थी विभक्तीत उभा आहे. ‘त्याला ताप आला’, ‘त्याला झोप आली’ या वाक्यांची घडणही अशीच आहे. ताप बाहेरून येतो, झोप न सांगता येते, आणि ज्याच्यावर ती येतात त्यास कोणी दोष देत नाही. याउलट ‘त्याने निश्चय केला’, ‘त्याने शब्द दिला’ या वाक्यांत मनुष्य स्वतः तृतीयेत येऊन कर्तेपण पत्करतो. भाषेने येथे एक सूक्ष्म भेद सांभाळला आहे. निश्चय करावा लागतो, लहर येते.

परंतु व्याकरणाची ही साक्ष अर्ध्यापुरतीच खरी आहे. लहर येते हे मान्य केले तरी लहरीमागून जाणे हे ‘येत’ नाही. उठणे, बोलणे, हात उगारणे, शब्द मोडणे या क्रियांना कर्ता लागतोच. ‘त्याला लहर आली आणि त्याने शब्द मोडला’ असे पूर्ण वाक्य उच्चारले की दडलेला कर्ता वाक्याच्या उत्तरार्धात आपोआप उभा राहतो. व्यवहारात लोक पूर्वार्धावरच थांबतात. सारी गफलत तेथे होते.

विषाची लहर

या शब्दाचा आणखी एक प्रयोग मराठीत रूढ आहे, आणि प्रस्तुत विचाराला तो विशेष साहाय्यक होतो. सर्पदंश झालेल्या मनुष्यास विषाच्या लहरी येतात असे म्हणतात. या अर्थाने लहर आठवावी असे एक गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील शिराळा, जुन्या नावाने बत्तीस शिराळा. मोरणा नदीच्या काठचे हे गाव श्रावण शुद्ध पंचमीच्या नागपूजेमुळे सर्वत्र ठाऊक झाले. घरातील गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत असता दाराशी गोरक्षनाथ भिक्षेस आले, आणि तेथून जिवंत नागाच्या पूजेस आरंभ झाला, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. पंचमीपूर्वी शेता-बांधांतून नाग पकडून मडक्यांत ठेवीत, पूजा झाल्यावर त्यांना पुन्हा रानात सोडीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नागास अभय दिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक आणि पूजा थांबली, व प्रतिमेची पूजा होऊ लागली.

नाग हाताळणारास एक गोष्ट लवकर उमगते : नाग लहरी नसतो. भय वाटले की तो फणा काढतो, फूत्कार करतो, आणि वाट मिळाली तर निघून जातो. त्याचे वागणे ठरलेले आहे, आणि म्हणूनच जाणत्यास ते ओळखता येते. ‘डूख धरणे’ हा मनुष्याने आपल्या स्वभावातून त्याला चिकटविलेला गुण आहे. लहर नागाच्या ठायी नसते. दंशानंतर ती मनुष्याच्या देहात उठते.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात फणा असलेल्या सर्पांना ‘दर्वीकर’ म्हटले आहे, आणि सर्पविषाचे सात वेग वर्णिले आहेत. विष देहातील एकेक कला ओलांडते तसा एकेक वेग उठतो, आणि वायू त्याला पुढे वाहून नेतो. एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंतच्या अवधीस तेथे ‘वेगान्तर’ अशी संज्ञा आहे. आजच्या वैद्यकाची मांडणी निराळी आहे. नागाचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांचा संबंध तोडते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. त्यावर प्रतिविषाची लस आणि रुग्णालय हाच मार्ग आहे. तथापि एका बाबतीत जुने निरीक्षण आणि नवे शास्त्र एकाच सावधगिरीकडे नेतात : रोग्यास मध्येच बरे वाटले म्हणजे धोका टळला असे नव्हे.

मराठी भाषेनेही हा भेद जपला आहे. लहर ‘ओसरते’, विष ‘उतरते’. लहर ओसरली म्हणजे विष उतरले असे समजून ज्यांनी रोग्यास अंथरुणावर निजविले आणि रुग्णालयाची वाट धरली नाही, त्यांच्या पदरी पुष्कळदा पश्चात्ताप आला आहे.

लहरी मनुष्याच्या बाबतीत हेच घडते. रागाची लहर ओसरल्यावर तो गोड बोलतो, मोडलेल्या वस्तूच्या जागी नवी आणून देतो, डोळ्यांत पाणीही आणतो. भोवतालची माणसे म्हणतात, ‘पाहा, मन किती निर्मळ आहे!’ ते केवळ वेगान्तर असते. ‘मला या क्षणी जे वाटते तेच प्रमाण, इतरांस दिलेला शब्द नव्हे’ हे विष जागच्या जागीच असते. पुढची लहर उठेपर्यंत ते कोणास दिसत नाही एवढेच.

अर्जुनाची विशेषणे

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाविषयी केलेली तक्रार सर्वश्रुत आहे. मन चंचल आहे आणि वाऱ्याला आवरावे तसे त्याला आवरणे दुष्कर आहे, एवढेच सामान्यतः लक्षात राहते. परंतु ‘चंचल’ म्हटल्यानंतर अर्जुन तेथे थांबत नाही. मनास तो ‘प्रमाथि’, ‘बलवत्’ आणि ‘दृढ’ अशी आणखी तीन विशेषणे लावतो. यांतील शेवटचे विशेषण प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकते. जे चंचल ते दृढ कसे? जे क्षणोक्षणी बदलते त्यास घट्ट कसे म्हणावे?

लहरी मनुष्याचे निरीक्षण केले असता या कोड्याचा उलगडा होतो. त्याचे विषय बदलतात, परंतु प्रत्येक लहरीच्या वेळी तो कमालीचा हट्टी असतो. लहर असेतो आई-बापांचे, मित्रांचे, स्वतःच्या कालच्या निश्चयाचेही तो ऐकत नाही. लहरी मनुष्य मऊ असतो, त्याला कोणीही वळवू शकतो, हा समज चुकीचा आहे. तो कोणालाच वळत नाही. त्याला वळविते ती केवळ पुढची लहर. अर्जुनाने मन चंचल आणि दृढ असे एकाच श्वासात म्हटले, यात विसंगती नसून अचूक निदान आहे.

भगवंतांच्या उत्तराचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘असंशयम्’ असे म्हणून ते अर्जुनाचे म्हणणे आधी मान्य करतात. मन चल आहे, त्याचा निग्रह कठीण आहे, हे नाकारलेले नाही. परंतु कठीण म्हणून क्षम्य, अशी पायरी तेथे नाही. अभ्यास आणि वैराग्य हा उपाय लगेच सांगितला आहे. ज्या रोगावर उपाय सांगितला गेला, त्या रोगात उपाय न करता पडून राहणाऱ्यास ‘माझा स्वभावच असा’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

स्वभावाचा आधार घेणारे तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवितात. ज्ञानवानही आपल्या प्रकृतीसारखाच वागतो, मग निग्रह काय करील, असा प्रश्न तेथे खरोखरच आहे. पण त्याच्या लगतचा पुढचा श्लोक वाचल्याशिवाय हा आधार घेता येत नाही. प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष बसलेले आहेत, त्यांच्या वश होऊ नये, असा त्याचा आशय आहे. प्रकृती असणे आणि तिच्या रागद्वेषांस वश होणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या केल्या आहेत. लहर येणे पहिल्यात बसते. लहरीच्या हाती स्वतःस देणे दुसऱ्यात बसते.

लहर सांभाळणारे

मराठीत ‘लहर सांभाळणे’ असाही प्रयोग आहे. तो लहरी मनुष्याविषयी नसून त्याच्या भोवतालच्या माणसांविषयी आहे. शब्दाच्या विचारात ही बाजू बहुधा सुटते.

शिराळ्याच्या परिसरातीलच एखादे शेतकऱ्याचे घर कल्पावे. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी पाठवावे असे घरातील कर्त्या पुरुषाने ठरविले. चार दिवसांनी नको म्हटले. पुन्हा एका सायंकाळी खुशीत येऊन होय म्हटले. अर्जावर सही करण्याची वेळ आली तेव्हा मुलीने विचारले, ‘आई, आबांना आत्ता सांगू का?’ आई हळूच म्हणाली, ‘आत्ता नको गं. त्यांची लहर बघून सांगू.’ लहर बघता बघता मुदत टळली. आबांची लहर यथावकाश ओसरली, त्यांना वाईटही वाटले. पण मुलीचे वर्ष परत आले नाही.

या घरात कोणी कोणास मारले नाही, कोणी खोटेही बोलले नाही. तरीही मुलीने एक विद्या शिकून घेतली : पावलांच्या आवाजावरून, पागोटे खुंटीस कसे अडकविले यावरून, घरातील हवा ओळखण्याची. ज्या वयात मनाने पुस्तकात रमावे त्या वयात ते मन दुसऱ्याच्या मनावर पहारा करीत राहिले. अहिंसेचा विचार करणाराने ही पीडा हिंसेच्या बाहेर ठेवू नये. जीवास भयात ठेवणे ही पीडाच आहे, मग भय घालणाराच्या मनात दुष्ट हेतू असो वा नसो. पंथीय आचारविचारात विकार आणि विकल्प या दोहोंपासून जपण्यास सांगितले जाते. लहर उठते तो विकार; तिच्यामागून निश्चय डळमळतो तो विकल्प; आणि त्या दोहोंचा भार जो दुसऱ्यावर पडतो, त्याचे नाव हिंसा होय.

येथे एक प्रश्न उपस्थित होईल. पाऊसही लहरी असतो, त्यास कोण दोष देतो? शिराळा तालुका भाताचा. तेथील शेतकरी रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या धुळीतच कुरीने भात पेरतो. या पेरणीस धूळवाफ म्हणतात. पाऊस वेळेवर येईल असे वचन त्यास कोणी दिलेले नसते. पावसास दोष देता येत नाही, कारण पावसाने शब्द दिलेला नाही आणि पावसास उपायही सांगितलेला नाही. मनुष्याने शब्द दिलेला असतो. शिवाय या उदाहरणात पाहण्याजोगा आहे तो पाऊस नसून पेरणारा. आभाळ लहरी आहे हे ठाऊक असूनही त्याने आपले काम नक्षत्राशी बांधले. आभाळ बदलले म्हणून आपला निश्चय बदलला नाही. बाहेरचे चंचल असणे हे आपण चंचल होण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्या धुळीतील बियाण्यावरून शिकावे.

लीळा आणि लहर

याहून गंभीर आक्षेप श्रद्धावंतांकडून येईल. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र म्हाइंभटांनी लिहून ठेवले आहे. कोणाच्याही घरात शिरावे, दिसेल ते उचलून खावे, मुलांत मूल होऊन खेळावे, क्षणात कोपावे, क्षणात हसावे, असे त्यांचे वर्तन तेथे दिसते. परक्याने पाहिले तर तो त्यास लहरच म्हणेल. मग एकाची ती लीळा आणि दुसऱ्याची ती लहर, हा भेद केवळ भक्तीने केलेला पक्षपात आहे काय?

भेद कृतीच्या बाह्य रूपात शोधला तर सापडणार नाही. तो दोन ठिकाणी पाहावा लागतो. पहिले ठिकाण : त्या वर्तनाची झळ कोणास लागली? ऋद्धिपूरचे लोक राऊळांना भिऊन दारे लावून बसले नाहीत; अडचणीच्या वेळी ते त्यांच्याकडेच धावले, आणि त्यांना आई आणि बाप दोन्ही मानीत राहिले. मातंगांच्या वस्तीतही ते गेले आणि तेथल्यांनाही आपले वाटले. दुसरे ठिकाण : बदलत्या वर्तनाच्या मुळाशी न बदलणारे काही होते काय? कृपा हीच तेथे स्थिर होती. वरचे तरंग कितीही उसळले तरी तिला ओहोटी लागली नाही. म्हणूनच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर श्रीनागदेवाचार्य आणि भक्तजन ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहू शकले. केवळ लहरीच्या आश्रयाने अनाथ झालेला समुदाय टिकत नाही.

लहरी मनुष्याची परीक्षा याच दोन प्रश्नांनी करावी. त्याच्या घरातील दुर्बळ जीव त्याच्या येण्याने सैल होतात की आक्रसतात? आणि त्याच्या बदलत्या वागण्याखाली न बदलणारे जे आहे, ते दुसऱ्याचे हित आहे की स्वतःची सोय? लीळेचे नाव घेऊन स्वतःच्या लहरीचे समर्थन करणाराने हे प्रश्न स्वतःस एकांतात विचारावेत. लीळा ही स्मरणासाठी आहे. साधकाने चालावयाचे ते आचाराच्या वाटेने.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. भास्करभट्ट बोरीकरांनी हाच स्कंध ‘उद्धवगीते’त मराठीत आणला. त्या गुरूंत समुद्रही आहे आणि सर्पही आहे. नद्या भरून आल्या म्हणून समुद्र फुगत नाही, ग्रीष्मात आटल्या म्हणून कोरडा पडत नाही. लहरी समुद्रावरही उठतात, परंतु समुद्र लहरी नव्हे. सर्पाकडून अवधूत एकटे आणि बिऱ्हाडावाचून हिंडणे शिकतो. नित्य अटन करणाऱ्या भिक्षूचे गाव रोज बदलते, पण मन एका ठायी असते. आणि एकाच ओसरीवर जन्म काढणाराचे मन दिवसातून दहा गावे हिंडून येते. चंचल कोणास म्हणावे हे पायांवरून ठरत नाही.

नेम

लहर या शब्दास मराठीतच एक प्रतिशब्द उभा आहे. लहरी मनुष्याविषयी लोक म्हणतात, ‘त्याचा काही नेम नाही.’ नेम म्हणजे नियम, रोजचे व्रत; नेम म्हणजे ‘नेम धरणे’ या प्रयोगातील लक्ष्य; आणि नेम म्हणजे भरवसा. व्रत, लक्ष्य आणि भरवसा हे तिन्ही अर्थ एका शब्दात एकत्र यावेत, यात लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठला आहे. ज्याला व्रत नाही त्याला लक्ष्य राहत नाही, आणि ज्याला लक्ष्य नाही त्याचा भरवसा कोणी धरीत नाही.

गीतेने सांगितलेला अभ्यास प्रत्यक्षात या नेमाच्या रूपानेच येतो. मन जेथे जेथे भटकेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असे सहाव्या अध्यायातच सांगितले आहे; भटकणारच नाही असे तेथे गृहीत धरलेले नाही. नेम म्हणजे परत येण्याची ठरलेली जागा. ठरल्या वेळी स्मरणास बसणे, दिलेला शब्द लहान असला तरी पाळणे, लहर आली असता त्या प्रहरापुरता कोणताही निर्णय न देणे, या साध्या गोष्टींनी आरंभ होतो. सर्पदंश झालेला अवयव हलवू नये असे सांगतात, कारण हालचालीने विष पसरते. लहर आली असता हात आणि जीभ हलवू नये, हा त्याचाच मनाला लागू होणारा पाठ आहे. लहर येईल आणि जाईल. न हललेल्या जिभेने कोणाचे वर्ष बुडणार नाही.

तेव्हा ‘तो मनाने वाईट नाही, फक्त लहरी आहे’ या वाक्याचा निवाडा असा करावा लागतो. त्याचा पूर्वार्ध खरा असू शकेल. उत्तरार्धातील ‘फक्त’ हा शब्द मात्र लहर सांभाळणाऱ्यांना न विचारता घातलेला आहे. तो शब्द राहू द्यावा की काढावा, हे आईने थांबविलेल्या त्या मुलीस विचारावे.